दारातली बैठक आणि चपलांचं कपाट: माप घेण्याआधी नाशिककर विचारतात ते प्रश्न

घरात शिरताना बसून बूट काढता यावेत, चपला नजरेआड जाव्यात, छत्री आणि हेल्मेटला हक्काची जागा असावी, एवढ्यासाठी हे फर्निचर असतं. दिवसातून सगळ्यात जास्त वेळा हात लागतो तो यालाच, आणि चिखल-पाणी सोसावं लागतं तेही यालाच. तरी बहुतेक घरांत याचं माप सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत बसवलं जातं. ते तसं होऊ नये म्हणून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मापं इंचात आहेत. सुतारांशी बोलताना सूत लागेल: ८ सूत म्हणजे १ इंच, म्हणजे १ सूत जवळपास ३ मिमी.

भिंत मोजून घेतली आहे. आता पुढे काय?

भिंत थोडी बाजूला ठेवा आणि आधी घरातली पायताणं मोजा. रविवारी संध्याकाळी, सगळे घरी असताना, घरातल्या सगळ्या चपला-बूट एका चादरीवर मांडा. रोजच्या, आठवड्यातून एखाद्या वेळच्या, लग्नकार्याच्या आणि आता कुणीच घालत नाही अशा चार ढिगांत वाटणी करा. दारातल्या कपाटात पहिले दोनच ढीग यायला हवेत. लग्नाच्या मोजड्या आणि बंद बूट खोक्यात घालून आतल्या कपाटात वर ठेवले तरी चालतं. चौथ्या ढिगाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण त्याच्यासाठी प्लाय विकत घेऊ नका.

मग सगळ्यात मोठा जोड उचला आणि मोजा. पुरुषांचा साधा बूट टाचेपासून टोकापर्यंत ११ ते १२ इंच भरतो आणि जोडाला रुंदीत सुमारे ९ इंच लागतात. बायकांच्या चपलांचा जोड साडेसात इंचांत बसतो. सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत कामाला जाणारं कुणी घरात असेल तर सेफ्टी शू वेगळा मोजा. तो लांबीला साडेबारा इंचांपर्यंत जातो, उंचीलाही जास्त असतो, आणि पुढच्या लोखंडी टोपीमुळे जडही असतो. कपाटाची खोली आणि एका कप्प्याची उंची हाच जोड ठरवतो.

३ फुटांच्या एका फळीवर किती जोड राहतात?

बाहेरून ३६ इंच धरले तर दोन्ही बाजूंच्या १८ मिमी प्लायचे मिळून दीड इंच जातात. आत साडेचौतीस इंच उरतात. त्यात पुरुषांचे तीन जोड आणि बायकांचा एक, एवढेच बसतात. चार माणसांच्या घरात रोजचे आठ आणि अधूनमधूनचे आठ जोड धरले तर ३ फूट रुंदीच्या चार फळ्या लागतात. बैठकीखाली दोनच फळ्या येतात. म्हणजे एक तर बैठक लांब हवी, नाहीतर तिच्या शेजारी एक उभं कपाट हवं. हा हिशेब कागदावर झाला की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

खोली किती ठेवावी?

बूट सरळ ठेवायचे असतील तर आतून १३ इंच तरी हवेत, सेफ्टी शू असतील तर १४. बसायला १४ ते १६ इंच खोली बरी वाटते. दोन्ही जमवणारं माप म्हणजे पावणेसोळा इंच, आणि त्यामागे प्लायच्या शीटचंही गणित आहे. शीट ८ बाय ४ फुटांची असते. ४ फुटांतून १६ इंचांच्या तीन पट्ट्या काढायला गेलं तर करवतीच्या पात्याचा घास मध्ये जातो आणि तिसरी पट्टी कमी पडते. पावणेसोळा धरलं की तिन्ही पट्ट्या सरळ निघतात आणि शीट वाया जात नाही.

यात दरवाजाचा पाऊण इंच आणि मागच्या प्लायचा पाव इंच मिळवा. पॅसेजचा हिशेब करताना पूर्ण १७ इंच धरा.

पॅसेजमध्ये चालायला किती जागा उरली पाहिजे?

३ फूट. गॅसची टाकी, आजारी माणसाची व्हीलचेअर, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलेलं माणूस, हे सगळं तेवढ्यातून जातं. साडेचार फुटांचा पॅसेज असेल तर १७ इंच वजा जाऊन ३७ इंच उरतात, छान बसतं. पावणेचार फुटांचा असेल तर २८ इंच उरतात, आणि तिथे हे फर्निचर करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

अशा अरुंद जागेसाठी पुढे कलणाऱ्या कप्प्यांचं कपाट येतं. त्यात बूट टोकावर उभे राहतात, म्हणून खोली ८-९ इंचांत भागते. सेफ्टी शू आणि उंच टाचा मात्र त्यात नीट मावत नाहीत. बसण्यासाठी भिंतीला घडी होणारी फळी लावता येते किंवा शेजारी साधं स्टूल ठेवता येतं. आजी-आजोबा असतील तर आम्ही स्टूलच सुचवतो, पण ते न सरकणारं आणि जड हवं.

बैठकीची उंची?

घरात गुडघे दुखणारं जे माणूस असेल त्याच्या मापाने. त्यांना खुर्चीत सरळ बसवा, पायात रोजची चप्पल असू द्या, आणि गुडघ्याच्या मागच्या वळणापासून जमिनीपर्यंत टेप लावा. बहुतेकांचं माप १६ ते १८ इंच येतं. सासूबाईंना उठताना त्रास होत असेल तर त्यात आणखी एक इंच मिळवा. गादी घालणार असाल तर बसल्यावर दबलेल्या गादीची जाडी त्या उंचीतून वजा करा. दोन इंचांची मऊ गादी दबून इंचभरच राहते.

आता या उंचीत कप्पे कसे बसतात ते पाहा. १८ इंच उंची घेतली. वरची फळी दुहेरी प्लायची, दीड इंच. खाली ४ इंचांचे पाय. तळाची फळी पाऊण इंच, मधली पाऊण इंच. उरले ११ इंच, म्हणजे साडेपाच-साडेपाच इंचांचे दोन कप्पे. चपला, सँडल, साधे स्पोर्ट्स शू त्यात जातात. घोट्यापर्यंतचे बूट जात नाहीत. म्हणून बैठकीचा एक खण मधल्या फळीशिवाय मोकळा ठेवावा. सेफ्टी शू आणि मुलांचे गमबूट तिथे उभे राहतात. तीन कप्पे हवेत म्हणून पाय काढून टाकायचा आग्रह बरेच जण धरतात. पाय काढू नका, कारण पुढे पावसाळ्याच्या उत्तरात येईलच.

भिंतीचं माप नेमकं कसं घ्यायचं?

रुंदी तीन ठिकाणी मोजा: जमिनीलगत, बैठकीच्या उंचीला आणि खांद्याच्या उंचीला. तिन्ही आकडे सारखे येतील असं समजू नका, नव्या इमारतीतही दोन-तीन सूत फरक निघतो. कपाट सगळ्यात लहान आकड्याने बनवायचं आणि उरलेली फट पट्टीने झाकायची. दोन भिंतींच्या मध्ये बसवायचं असेल तर त्या लहान आकड्यातूनही चार सूत कमी करा, नाहीतर तयार झालेलं कपाट आत सरकणारच नाही.

कोपऱ्यात गुण्या लावून पाहा. मोठा गुण्या नसेल तर एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. उभं कपाट असेल तर ओळंबाही सोडा.

स्कर्टिंग विसरलं जातं. ते भिंतीच्या पुढे साधारण अर्धा इंच येतं, त्यामुळे कपाट भिंतीला टेकत नाही आणि मागे फट राहते. त्यात किल्ल्या, पावत्या, मुलांची खडूपेटी पडत राहते. मागची प्लाय स्कर्टिंगच्या वरून सुरू करून बाजूच्या फळ्यांना तेवढी खाच मारायला सांगा. जमिनीचा उतारही बघा. दाराजवळ फरशीला बाहेरच्या बाजूला थोडा उतार दिलेला असतो, म्हणून पाय खालीवर करता येणारे स्क्रूचे घ्या.

मग भिंतीवर काय काय आहे त्याची नोंद करा: स्विचबोर्ड, बेल, इंटरकॉम, आणि मुख्य म्हणजे एमसीबीची, म्हणजे घराच्या विजेच्या मुख्य खटक्यांची पेटी. ती पेटी कपाटाच्या आत बंद करू नका. वीज गेली तर अंधारात चपलांमधून हात घालून ती शोधायची वेळ येते. तिच्यासमोर फक्त बैठक येऊ द्या, उंच कपाट दुसऱ्या बाजूला घ्या.

शेवटी दार. मुख्य दार पूर्ण उघडून फरशीवर खडूने त्याची कमान काढा. जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर तेही उघडा. कपाटाचे दरवाजे उघडल्यावर जिथपर्यंत येतील तीही रेघ काढा. दोन कमानी एकमेकींना छेदत असतील तर एक दिवस कपाटाच्या पल्ल्यावर दार आपटणारच. बैठकीपुढे २ फूट मोकळे राहतात का तेही याच वेळी बघा, कारण वाकून नाडी बांधणाऱ्याचं डोकं तेवढं पुढे येतं. आणि उंबऱ्याजवळ रोज रांगोळी काढत असाल तर ती काढायला बसणाऱ्या बाईची जागासुद्धा या मापात धरा.

जागा नाही म्हणून दाराबाहेर, कॉमन पॅसेजमध्ये ठेवलं तर?

ठेवू नका. जिन्याकडे जाणारी वाट ही आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निसुरक्षा नीट राखण्याची जबाबदारी मालकावर आणि राहणाऱ्यावरही आहे. धुरात दिसत नसताना लाकडी बाकड्याला अडखळून कुणी पडलं तर काय होईल, एवढा विचार पुरे आहे. सोसायटीतली भांडणंही यावरूनच सुरू होतात. बंगला किंवा रो-हाऊस असेल, आणि पोर्च तुमचाच असेल, तर गोष्ट वेगळी.

पावसाळ्यात ओल्या चपला आत ठेवायच्या का?

लगेच नाही. जून ते सप्टेंबर नाशिकमध्ये हवा दमट असते आणि बंद कपाटात ओला बूट ठेवला की दोन दिवसांत वास येतो, आठवड्यात बुरशी धरते. म्हणून बैठकीखालचा सगळ्यात खालचा कप्पा बिनदरवाजाचा ठेवा आणि त्यात स्टीलचा किंवा प्लास्टिकचा, कडा उचललेला ट्रे घाला. दिंडोरी-पिंपळगावकडून द्राक्षबागेतून येणारे काका असोत की त्र्यंबकेश्वरहून भिजून आलेली मंडळी असोत, चिखल त्या ट्रेत पडतो आणि ट्रे उचलून धुता येतो. काळ्या मातीचा चिखल सुकल्यावर सनमायकालाही धरून बसतो.

बंद कप्प्यांना हवा हवीच. दरवाजाला तिरक्या पट्ट्या, वेताची जाळी किंवा निदान खाली आणि वर बोटभर फट ठेवा. खालून गार हवा येते, वरून दमट हवा जाते. एकच फट असेल तर हे होत नाही. मागच्या प्लायलाही दोन-तीन भोकं पाडून घ्या.

पाय ४ इंचांचे का, तर खालून झाडू आणि पोछा दोन्ही गेले पाहिजेत. तळ फरशीला टेकलेला असेल तर पोछ्याचं पाणी रोज प्लायच्या कडेत शिरतं आणि कपाट खालून फुगायला लागतं. बिघडलेली जी कपाटं आमच्याकडे येतात, ती बहुतेक खालूनच गेलेली असतात.

मखमलाबाद, आडगाव किंवा गंगापूरकडे शेताला लागून घर असेल तर आणखी एक सांगतो: पावसाळ्यात उघड्यावरचे बूट झटकल्याशिवाय घालू नका. साप-विंचू कोरडी, अंधारी जागा शोधतात. मुलांनाही ही सवय लावा.

प्लाय कोणती घ्यावी? एमडीएफ स्वस्त पडतं.

एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेला) या जागेला नको. दोन्ही पाणी पितात, फुगतात, आणि एकदा फुगले की पुन्हा बसत नाहीत. हॉलमधल्या टीव्हीखाली चालतील, चपलांखाली नाही. एचडीएचएमआर हा जास्त दाट बोर्ड त्यापेक्षा ओल सोसतो आणि दरवाजांसाठी सपाट राहतो, पण तळाला आणि बैठकीला आम्ही तोही वापरत नाही.

सांगाडा आणि तळ बीडब्ल्यूपी, म्हणजे मरीन प्लायचा करावा. तिचा मानक क्रमांक आयएस ७१०. वरचे भाग बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला बऱ्यापैकी टिकणाऱ्या प्लायचे चालतात, तिचा आयएस ३०३. एमआर, म्हणजे फक्त हवेतली ओल सोसणारी प्लायही आयएस ३०३ मध्येच येते, म्हणून नुसता क्रमांक बघून समाधान मानू नका, ग्रेड वाचा. शिक्का शीटवरच असतो. कापण्याआधी दुकानात किंवा घरी शीट उतरली तेव्हाच बघून घ्या, तुकडे झाल्यावर काही कळत नाही.

१८ मिमी सांगाड्याला, ६ मिमी मागच्या बाजूला. सनमायका बाहेरून १ मिमीचा आणि आतूनही पातळ का होईना पण लावाच. एकाच बाजूला लावला तर प्लाय दोन बाजूंनी वेगळी ओल घेते आणि दरवाजा वाकतो. कापलेली प्रत्येक कड पट्टीने बंद झाली पाहिजे. न दिसणाऱ्या कडासुद्धा, आणि त्या तर आधी.

सागवान परवडत असेल तर त्याला तोड नाही. पेठ-सुरगाण्याकडे साग होतो, आणि जुना वाडा उतरवताना निघालेल्या तुळयांमधूनही सुंदर बैठक होते. जुनं लाकूड घेताना आतले खिळे सुताराकडून आधी काढून घ्या आणि भुंग्याची बारीक भोकं, त्यातून पडणारी पीठासारखी भुकटी दिसते का ते तपासा. भरीव लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि हिवाळ्याच्या कोरड्या थंडीत आकसतं, म्हणून दरवाजांच्या मध्ये १ सूत जागा सोडायला हवी.

आमचं घर तळमजल्यावर, जुनं आहे. वाळवीची भीती वाटते.

भीती योग्य आहे. कपाट भिंतीपासून इंचभर लांब ठेवा, पाय स्टीलचे किंवा पीव्हीसीचे घ्या, आणि मागची बाजू कोरी न ठेवता तिला प्रायमर किंवा वॉर्निश मारा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर कपाट बसवण्याआधी भिंतीवर आणि फरशीच्या सांध्यात औषध मारून घ्या. भिंतीपलीकडे बाथरूम असेल आणि पोपडे धरत असतील तर आधी ती गळती थांबवा.

बैठकीचं झाकण वर उघडणारं करावं का?

रोजच्या चपलांसाठी नाही. कुणी बसलेलं असलं की उघडता येत नाही, गादी दरवेळी उचलावी लागते, आणि लहान मुलांची बोटं सापडतात. क्रिकेटचं सामान, जादा छत्र्या, वर्षातून लागणाऱ्या वस्तू यांच्यासाठी चालेल; तेव्हा झाकण हळू बसवणारी बिजागरी लावा.

बसल्यावर फळी वाकणार तर नाही?

एकट्या १८ मिमी प्लायवर ३ फूट अंतर सोडलं तर वाकेल. वरची फळी दुहेरी करा आणि दर दोन फुटांवर आतून उभी फळी घ्या. दोन मोठी माणसं एकदम टेकतील हे धरूनच बनवा. उठताना आजोबा एका कडेवर भार देतात, म्हणून त्या टोकाला पाय अगदी कडेला हवा. शेजारी भिंतीला एक हातधरणी लावलीत तर फार सोय होते.

हेल्मेट, छत्री, रेनकोट?

नाशिकमध्ये घरटी दुचाकी आहे, तेव्हा हेल्मेटचा विचार आधीच करा. पूर्ण हेल्मेट लांबीला सुमारे १४ इंच आणि उंचीला ११ इंचांपर्यंत असतं. १२ इंच उंच, १२ इंच रुंद आणि पावणेसोळा खोल कप्पा पुरतो. कप्पा उघडा ठेवा, आतलं अस्तर घामाने ओलं असतं. रेनकोटच्या खुंट्या साडेपाच फुटांवर, मुलांच्या साडेतीन फुटांवर. ओला रेनकोट बैठकीच्या गादीवर गळू नये म्हणून खुंट्या बैठकीच्या वर न घेता ट्रेच्या वर घ्या.

हळदीकुंकवाला वीस-पंचवीस जणी येतात. त्यांच्या चपला?

त्यासाठी कपाट मोठं करू नका. त्या दिवशी दाराबाहेर चटई घाला, नंतर उचला. कपाटात मात्र पाहुण्यांसाठी एक जोडभर-दोन जोडभर जागा नेहमी रिकामी असावी. आल्यागेल्याला चपला कुठे ठेवू असं विचारावं लागू नये.

देवघराच्या भिंतीला लागून चालेल का?

पाठीला पाठ येत असेल तर घरातली मोठी माणसं काय म्हणतात ते आधी विचारा. जागा बदलता येत असेल तर बदला. एकदा बसवलेलं कपाट हलवणं महागात जातं.

तयार घ्यावं की सुताराकडून करून घ्यावं?

भिंत मोकळी असेल, घर भाड्याचं असेल, तर तयार घ्या. पण दुकानात जाताना तुमचा सगळ्यात मोठा बूट पिशवीत न्या आणि कप्प्यात घालून दरवाजा लावून पाहा. बसूनही पाहा, शक्यतो ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीच.

कोपरा, एमसीबीची पेटी, वाकडी भिंत असं काही असेल तर सुतार हवाच. दर रनिंग फुटाने सांगितला आहे की चौरस फुटाने, आणि मालासकट आहे की नुसती मजुरी, हे आधी विचारून लिहून घ्या. आतल्या सनमायकाचे आणि बिजागऱ्यांचे पैसे धरले आहेत का तेही विचारा. पुढचा वाद बहुतेक वेळा याच दोन गोष्टींवरून होतो.

भिंतीला ठोकायलाच हवं?

बैठक नुसती असेल तर गरज नाही. उंच कपाट असेल तर हो, कारण मूल खालच्या ड्रॉवरवर चढलं की ते पुढे येऊ शकतं. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत साधा प्लग धरतो. नव्या इमारतींत सिपोरेक्सचे हलके ब्लॉक असतात, त्यात लांब नायलॉन प्लग लागतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती खिळा धरत नाहीत. तिथे कपाट बुटकंच ठेवावं किंवा लाकडी खांबाला पट्टी ठोकून तिच्यावर कसावं.

वर नेताना लिफ्टमधून जाईल ना?

लिफ्टच्या दाराची उंची-रुंदी आणि जिन्याच्या वळणावरची तिरकी लांबी मोजून सुताराला आधी द्या. ५ फुटांपेक्षा लांब बैठक असेल तर दोन भागांत करून घरी जोडायला सांगा.

सुताराला कागदावर काय काय द्यायचं?

तीन ठिकाणची रुंदी, स्कर्टिंगची उंची आणि जाडी, दाराच्या दोन्ही कमानी, एमसीबी आणि स्विचबोर्डची जमिनीपासूनची उंची, सगळ्यात मोठ्या बुटाची लांबी-उंची, जोडांची संख्या, आणि ज्यांच्या मापाने बैठक करायची त्यांची गुडघ्यापर्यंतची उंची. कागदाचा फोटो काढून ठेवा आणि सुतार आल्यावर सगळी मापं त्याच्या टेपने पुन्हा घ्यायला लावा. त्याचा टेप आणि तुमचा टेप यांत सूतभर फरक निघाला, तर बनवायचं त्याच्या टेपने.